वही मुलाची, पेन्सिलही मुलाचीच: घरच्या अभ्यासात पालकांनी किती मदत करावी

तिसरीतल्या मुलीने वहीत ३४२ − १७८ ही वजाबाकी केली आहे आणि उत्तर आलंय २३६. आई खोडरबर घेते, २३६ पुसते आणि "अगं, उसने घ्यायचे ना!" म्हणत १६४ लिहून घेते. दुसऱ्या दिवशी बाई वही बघतात, बरोबरची खूण करतात आणि पुढचा धडा सुरू होतो. पुढे चाचणीत अशीच वजाबाकी येते, मुलगी पुन्हा तसंच उत्तर काढते आणि घरी सगळ्यांना प्रश्न पडतो की घरी येत होतं ते पेपरात का आलं नाही. घरीही येत नव्हतं. फक्त ते वहीत दिसलं नाही.

२३६ हे उत्तर उगाच आलेलं नाही. मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: ८ मधून २, ७ मधून ४, ३ मधून १. म्हणजे तिला वजाबाकी येते, एकक-दशक-शतकाची घरंही ती चुकवत नाही. वरचा अंक खालच्यापेक्षा लहान असला की काय करायचं, एवढंच तिला कळलेलं नाही. अनुभवी बाईंना ते उत्तर पाहताक्षणी हे समजलं असतं. ती माहिती खोडरबराने गेली.

म्हणून "किती मदत करावी" याचं मोजमाप मिनिटांत नंतर करू, आधी हे ठरवू या: मदत हवी तेवढी करा, पण मदत झाल्यावर वहीत जे दिसेल ते मुलाला खरोखर येतं तेवढंच असलं पाहिजे. ज्या मदतीने वही मुलापेक्षा पुढे जाते, ती मदत जास्त झाली.

त्या वजाबाकीचं काय करायचं

उत्तर चुकलंय हे आपण सांगायचंच नाही. "२३६ मध्ये १७८ मिळवून बघ" म्हणायचं. बेरीज येते ४१४, यायला हवी होती ३४२. काहीतरी बिनसलंय हे तिचं तिला कळतं, आणि मोठ्यांनी सांगितलेल्या चुकीपेक्षा स्वतः पकडलेली चूक जास्त लक्षात राहते.

मग कागदाच्या चिठ्ठ्या करा. शंभराच्या ३, दहाच्या १४, एकाच्या १२. त्यातल्या शंभराच्या ३, दहाच्या ४ आणि एकाच्या २ तिला द्या, बाकीच्या म्हणजे तुमची बँक. आता मागा: "मला १७८ रुपये दे. आधी सुटे ८ दे." तिच्याकडे सुटे दोनच. बहुतेक मुलं इथे अडतात, आणि नेमकं इथेच मोठ्यांनी तोंड बंद ठेवायचं असतं. मनात दहा आकडे मोजा. दुकानात सुटे मागताना पाहिलेलं मूल बहुधा स्वतःच म्हणतं, "दहाची मोडून दे." मोडल्यावर तिच्याकडे १२ सुटे होतात, ८ दिले, ४ उरले. दहाच्या चिठ्ठ्या ३ राहिल्या आणि द्यायच्या आहेत ७, म्हणून शंभराची एक मोडायची. १३ मधून ७ गेल्या, ६ उरल्या. शंभराच्या २ मधून १ गेली. हातात राहिले १६४.

आता वही. जुनं उत्तर पुसायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून खाली नव्याने मांडायचं. समासात तुम्ही पेनाने एक ओळ लिहा: "आधी २३६ आलं होतं. चिठ्ठ्या घेऊन समजावलं, मग स्वतः केलं." बाईंना यापेक्षा जास्त काही नको असतं. त्याच दिवशी रात्री जेवणानंतर आणखी एकच वजाबाकी द्या, उदाहरणार्थ ५२३ − २४७. चिठ्ठ्यांशिवाय २७६ आलं तर ठीक. नाही आलं तर उद्या परत चिठ्ठ्या. एका बैठकीत दहा वजाबाक्या घालू नका. चुकीची रीत दहा वेळा केली की तीच पक्की होते.

घरातल्या मोठ्यांची रीत शाळेपेक्षा निराळी असू शकते. काही आजी-आजोबा वरच्या अंकाला दहा देतात आणि खालच्या पुढच्या अंकात एक मिळवतात. उत्तर अचूक येतं, पण वर्गात दशक मोडायला शिकवलेलं असताना ही दुसरी रीत मध्ये आली की मूल दोन्हींचं अर्धंअर्धं करतं. शाळेची रीत पक्की होईपर्यंत घरची बाजूला ठेवा. शाळेची रीत माहीत नसेल तर मुलालाच विचारा, "बाईंनी फळ्यावर कसं केलं होतं, दाखव." आठवून दाखवणं हाच अर्धा अभ्यास असतो.

किती वेळ आणि किती जवळ

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात गृहपाठाबद्दल स्पष्ट शिफारस आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवी रोज १ तास, नववीपासून रोज २ तास. पुष्कळ शाळा याहून बराच जास्त अभ्यास देतात. आपल्या मुलाला रोज दीड तास लागत असेल आणि ते तिसरीत असेल, तर दोष लगेच मुलाच्या माथी मारू नका. आधी आठवडाभर घड्याळ लावून नोंद ठेवा आणि ती घेऊन शाळेत बोला. "फार अभ्यास देता" यापेक्षा "सोमवारी ७० मिनिटं, मंगळवारी ८५" हे ऐकून घेतलं जातं.

पहिली-दुसरीत शेजारी बसा, पण १५ ते २० मिनिटंच. प्रश्न तुम्ही वाचून दाखवला तरी चालेल, कारण त्या वयात बरेचदा गणित येतं आणि वाचन अडतं. तिसरी ते पाचवीत एकाच खोलीत असा, पण शेजारी नको. तुम्ही भाजी निवडताय, मूल समोर लिहितंय, हे अंतर उत्तम. सुरुवातीला दोन मिनिटं "आज काय काय आहे, आधी काय करणार?" आणि शेवटी पाच मिनिटं तपासणी. मधल्या वेळात हाक मारली तरच जायचं. सहावीनंतर रोज वही बघायची गरज नाही. आठवड्यातून एकदा शांतपणे सगळ्या वह्या चाळा. नववी-दहावीत तुमचं काम वेळापत्रक, झोप आणि घरातला आवाज सांभाळण्याचं. विषय शिकवायला बसलात तर बहुतेक घरांत भांडणंच होतात.

शाळेतून आल्या आल्या अभ्यासाला बसवू नका. खाणं, मग अर्धा-पाऊण तास खेळ, मग अभ्यास. रात्री साडेआठनंतर लहान मुलाकडून लिहून घेतलेलं अक्षर आणि त्याच मुलाचं संध्याकाळचं अक्षर शेजारी ठेवून बघा, वेगळं सांगावं लागणार नाही. बसायला पाट आणि समोर उतरतं डेस्क असलं तरी पुरे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून, नाहीतर हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते. डावखुऱ्या मुलाचा हात बदलायचा प्रयत्न कृपा करून करू नका.

अडलं की उत्तराच्या आधी काय काय

"मला येत नाही" असं मूल म्हणालं की पहिलं वाक्य असावं: "प्रश्न मोठ्याने वाच." निम्म्या अडचणी इथेच सुटतात, कारण मुलाने प्रश्न पूर्ण वाचलेलाच नसतो. त्यानंतर "काय दिलंय आणि काय विचारलंय?" शाब्दिक उदाहरणात हे दोन वेगळे करून सांगता आलं की बेरीज करायची की गुणाकार, हे बहुतेक वेळा आपोआप कळतं. तरी अडलं तर वहीची मागची पानं उलटून "असंच उदाहरण वर्गात कुठे केलंय?" हे शोधायला लावा. तेही जमलं नाही तर तुम्ही रफ कागदावर आकडे बदलून एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवा, कागद उलटा ठेवा आणि मग त्याला त्याचं करू द्या. मुलाच्या वहीत, मुलाच्याच आकड्यांवर आपण हात चालवायचा नाही.

एवढं करून अडलंच तर थांबा. डायरीत चिठ्ठी लिहा. नमुना असा:

"मा. बाई, गुणाकाराची ६ उदाहरणं होती. २५ मिनिटांत ३ झाली. हातचा लिहितो, पण पुढच्या गुणाकारात मिळवायला विसरतो. उरलेली ३ मुद्दाम सोडवून घेतलेली नाहीत."

पालकांना भीती वाटते की अर्धवट वही पाहून मुलाला ओरडा बसेल. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्येच, वर्गशिक्षकांना भेटून सांगा: "अडलेलं आम्ही पूर्ण करून देणार नाही, चिठ्ठी पाठवू. चालेल ना?" पन्नास-साठ मुलांच्या वर्गात कोण कुठे अडलंय हे कळायला बाईंनाही याचा उपयोगच होतो.

हलगर्जीपणा आणि न येणं यात फरक करायला शिका. चुकलेलं उदाहरण तोंडी विचारा. तोंडी बरोबर आलं तर ती नजरचूक. "एकदा तपास" एवढं पुरे. तोंडीही तीच चूक झाली तर ते कळलेलंच नाही, तिथे "लक्ष कुठे असतं तुझं?" या वाक्याचा शून्य उपयोग.

मराठी आकडे, वाचन, शुद्धलेखन

एकोणसाठ म्हटलं की मूल ६९ लिहितं, पस्तीस म्हटलं की ५३. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि "एकोण" म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, त्यामुळे कानाला साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात पन्नासातले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "पन्नास नऊ", "वीस एक" अशी वाचनाची रीत जोडीला आणली, तेव्हा त्यावरून राज्यभर वाद झाला होता. वादात कुणाचीही बाजू घ्या, घरी दोन्हींचा उपयोग करा. १ ते १०० चा तक्ता भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. रोज पाच आकडे असे विचारा: "पन्नास आणि नऊ कुठे आहे? बोट ठेव. त्याला म्हणायचं एकोणसाठ." २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९ हे सहा आधी घ्या, चुका इथेच जास्त होतात. (८९ एकोणनव्वद आहे, पण ९९ नव्याण्णव. तेवढं वेगळं सांगायचं.)

मोठ्याने वाचनाला रोज दहा मिनिटं द्या. गृहपाठ राहिला तरी हे राहू नये, असं आमचं मत आहे. मूल एखाद्या शब्दावर अडखळलं की लगेच शब्द पुरवू नका. वाक्य संपू द्या. अर्थ लागला नाही की मूल स्वतःच मागे येतं. जोडाक्षरावर अडलं तर बोटाने शब्दाचा पुढचा भाग झाकून तुकड्यातुकड्याने वाचायला लावा. वाचून झाल्यावर "काय समजलं?" असं विचारलं की मूल गप्प बसतं, "मग त्या म्हाताऱ्याने टोपली का परत नेली?" असं नेमकं विचारलं की बोलतं.

श्रुतलेखनाला दहा शब्द भरपूर झाले. तपासणी मुलानेच पुस्तक उघडून करायची. चुकलेला शब्द वीसदा लिहायला लावू नका. पाचव्या वेळेनंतर मूल "बहीण" हा शब्द लिहीत नसतं, आधी सगळे "ब", मग सगळे "ही" अशा उभ्या रांगा भरत असतं. त्यापेक्षा तो शब्द दोन वाक्यांत वापरायला सांगा. चौथीनंतर ऱ्हस्व-दीर्घाचे दोनच नियम घ्या. शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी किंवा उकार बहुधा दीर्घ: पाणी, मुलगी, चालू; "आणि" हा अपवाद. आणि मूल, फूल, बहीण या शब्दांतला दीर्घ स्वर प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: मुलाला, फुलाचा, बहिणीने. एवढ्याने रोजच्या पुष्कळ चुका कमी होतात.

प्रकल्प कोणाचा

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्यात पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) आणि ३० टक्के संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाला ठरला, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला निम्मा-निम्मा. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही सगळी आकारिकाची साधनं. म्हणजे बाबांनी रात्री अकरापर्यंत जागून केलेली पवनचक्की थेट मुलाच्या मूल्यमापनात जाऊन बसते, आणि स्वतः केलेलं वेडंवाकडं घर आणणारं मूल तिच्याशेजारी ओशाळं होतं. हे दुसऱ्या मुलावरही अन्यायाचं आहे.

मोठ्यांच्या वाट्याचं काम एवढंच: सामान आणणं, कटरने कापणं, गरम गोंद लावणं, चित्रं छापून आणणं. विषय निवडणं, माहिती लिहिणं, रंगवणं, चिकटवणं मुलाचं. "परिसरातले पाण्याचे स्रोत" असा प्रकल्प असेल तर पहिल्या दिवशी फिरून विहीर, टाकी, बोअर, नळ बघा आणि मुलाला जागेवरच चार ओळी लिहू द्या. दुसऱ्या दिवशी चित्रं. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर मांडणी. चौथ्या दिवशी घरातल्या कुणाला तरी दोन मिनिटांत समजावून सांगायचं. बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: प्रकल्प आदल्या रात्री आठवतो. मग मोठ्यांनी हात घालण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून मिळालेली तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर मुलाकडूनच लिहून घ्या.

माध्यम इंग्रजी, घर मराठी

"आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?" असं म्हणून पुष्कळ आईबाप पहिलीपासूनच शिकवणी लावतात. पुष्कळदा शिकवणीत काय होतं? तिथल्या ताई फळ्यावर उत्तरं लिहितात, मुलं उतरवतात, गृहपाठ "झाला". वही सुंदर, आणि मूल जिथल्या तिथे. शिकवणी लावायचीच असेल तर त्यांनाही वर दिलेला नियम सांगा: न आलेलं तसंच राहू द्या.

मराठीतून केलेली मदत कमी प्रतीची नसते. मुलाला सांगा, "धड्यात काय आहे ते मला मराठीत सांग." बाष्पीभवन कसं होतं हे ज्याला मराठीत समजावता आलं, त्याला फक्त इंग्रजी शब्द शिकायचे राहतात. ज्याने इंग्रजीत घोकलंय आणि मराठीत सांगता येत नाही, त्याला समजलेलंच नाही. स्वतः फारसं शिकलेल्या नसलेल्या आईलाही हे करता येतं: ऐकायचं, आणि कळलं नाही तिथे "थांब, हे परत सांग" म्हणायचं.

गाईड, मोबाईल, ग्रुप

गाईड घरात असायला हरकत नाही, पण ते मुलाचं उत्तर लिहून झाल्यावर उघडायचं. मोबाईलवर फोटो काढून उत्तर देणाऱ्या ॲपना तोच नियम. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊ वाजता "आजचा अभ्यास पाठवा ना कुणीतरी" हा मेसेज तिसरीनंतर बंद करा. डायरी लिहून आणणं मुलाचं काम आहे. विसरलं तर मित्राला फोन मुलाने स्वतः करायचा. दोन-तीनदा करावा लागला की वर्गात डायरी लिहिली जाते.

आधीच सवय लागलेली असेल तर

शेजारी बसल्याशिवाय मूल एक ओळ लिहीत नसेल, तर एका दिवसात उठून जाऊ नका. पहिल्या आठवड्यात पहिली दोन उदाहरणं सोबत आणि तिसरं तुम्ही खोलीतच, पण उठून उभे. दुसऱ्या आठवड्यात एक सोबत, मग "हे दोन झाले की हाक मार." तिसऱ्यात फक्त सुरुवात आणि तपासणी. मधल्या काळात वही घाण दिसेल, गुण थोडे घसरतील. शिक्षकांना आधी कल्पना दिलेली असेल तर हे निभतं. घरात दोघांचं एकमत नसेल, आई मागे हटली आणि बाबांनी रात्री सगळं पूर्ण करून दिलं, तर महिनाभराची मेहनत फुकट. आपला आवाज चढायला लागला असेल तर तुम्हीच उठा, दहा मिनिटांनी या. रडत लिहिलेल्या पानातून फक्त अभ्यासाची धास्ती पक्की होते.

आणि हे सगळं नीट केल्यावरही काही मुलं अडतात. तिसरी उलटली तरी अक्षरं उलटी येतात, तोंडी झकास सांगणारं मूल लिहिताना दोन ओळींत थांबतं, फळ्यावरून उतरवताना ओळीच्या ओळी गळतात. असं महिनोन्महिने दिसलं तर आधी डोळे तपासा, मग कान. दोन्ही ठीक असतील तर समासातल्या नोंदी असलेल्या वह्या घेऊन वर्गशिक्षक आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचणीबद्दल विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, आणि मुंबईत सायन हॉस्पिटलसारख्या सार्वजनिक रुग्णालयात ही तपासणी होते. प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण दहावीच्या तोंडावर धावाधाव करण्यापेक्षा चौथी-पाचवीतच तपासून घेतलेलं बरं, म्हणजे शिकवायची रीतही त्या मुलाप्रमाणे बदलता येते.